डोंगरामागचा थांबा

“मेली तिथेच. रोज मेलं तिथेच. डोंगरामागे हिचं काय माहेर आहे?”

बाबा हे खेळण्यातल्या इंजिनाला उद्देशून पुटपुटले, पण आई कंट्रोलरचं बटण धरून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली, त्यामुळे बोलणं तिच्याच कानात पडलं. माहेर म्हटल्यावर खोलीत सगळे गप्प झाले. सगळे म्हणजे तिघंच. तिसरी त्यांची लेक, वीज तपासायचा मीटर घेऊन रुळांच्या फळीखाली उताणी पडलेली.

लेक सासरहून आठ दिवसांसाठी आली होती. आठ दिवसांसाठी येणारी माणसं शिलाई मशीन घेऊन येत नाहीत, आणि ते आठ दिवसही केव्हाच उलटले होते, पण कुणी काही विचारलं नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची आणि सकाळी सगळे उठायच्या आत चादर अशी घडी घालून ठेवायची, जणू तिथे कुणी झोपलंच नव्हतं. कारण तिच्या खोलीत आता रेल्वे होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडची फळी, सुताराच्या लाकडी घोड्यांवर नुसती टेकवलेली. तिच्यावर प्लास्टरचा डोंगर, स्पंजची झाडं, दोन स्टेशनं आणि एक पूल. पुलाखाली नदी अजून यायची होती.

बाबांचा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला. तपासणीत पास झाल्याशिवाय त्यांनी एकाही लिफ्टला माणसं वाहू दिली नाहीत. रिटायर झाल्यावर नियम तोच: गाडीने न अडखळता सलग दहा फेऱ्या मारल्या की फळी भिंतीला स्क्रूने पक्की करायची. हे त्यांनी लेक यायच्या कितीतरी आधी, अगदी शेजारच्या दातांच्या डॉक्टरलाही सांगून ठेवलं होतं. आता शब्द मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण कुणालाच द्यायचं नव्हतं.

फळी पक्की झाली की खोली गेली, एवढं आईला कळत होतं. तिने वाद घातला नाही. लेकीच्याच जुन्या ड्रॉवरमधून बिनरंगी नेलपॉलिशची बाटली काढली. डोंगरामागे रुळावर बोटभर पॉलिश लावलं की वीज चाकांपर्यंत पोचत नाही, हे शहाणपण तिला बाबांच्याच जेवतानाच्या व्याख्यानांतून मिळालं होतं. गाडी डोंगरामागे जायची आणि निपचित पडायची. बाबा रूळ पुसायचे, चाकं घासायचे, वायरींना शिव्या घालायचे. आई चहा आणून द्यायची आणि काही सुचतंय का म्हणून विचारायची. चेहरा सरळ ठेवणं तिला जड गेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसाराची सवय होती.

काल मात्र झोपताना बाबा म्हणाले, हात पूर्वीसारखा चालत नाही आता, या वयात हे खेळ झेपत नाहीत. आईने ठरवलं. खोली गेली तर गेली, माणूस खचायला नको. सकाळी ते अंघोळीला गेल्यावर तिने रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून रूळ लख्ख केला.

आणि तरीही गाडी तिथेच मेली. आईला पहिल्यांदाच त्या गाडीची मनापासून काळजी वाटली.

बाबांनी वाकून खाली शिरायचं म्हटलं, तर लेक म्हणाली, तुमचे गुडघे राहू द्या, मी बघते. बाबा नको नको म्हणत राहिले. अगं, तू चार दिवस आराम करायला आलीस. एरवी फळीखाली हात घालणाऱ्याला ते बक्षीस द्यायला तयार असत. तोवर लेक खाली गेलीही होती.

आता खालून मीटर दोनदा वाजला आणि तिसऱ्यांदा वाजला नाही.

“बाबा, या तुकड्याला वायर लावलेलीच नाही.”

“तुटली असेल.”

“तुटली नाही. काढून बाजूला ठेवलीय. वर टेप गुंडाळलाय.” लेकीने टेप चाचपला. “आणि टेपचं टोक दुमडलंय.”

पुढच्या वेळी नख न लावता सुटावा म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवणारा माणूस या घरात एकच होता. आईने त्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस न आलेली नदी बघत होता.

“अहो,” आई हळूच म्हणाली, “मी तर तिथे नेलपॉलिश लावत होते.”

“ठाऊक आहे. वास यायचा.” बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “एखाद दिवशी तुला दया आली तर काय घ्या, म्हणून वायर काढून ठेवली.”

“आणि हात चालत नाही म्हणालात ते?”

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, वायर परत जोडायला वेळ लागेल, कथलाने नीट झाळून घ्यावी लागेल, टेस्टिंग आणखी काही दिवस चालू ठेवू, घाई कुठे आहे. आईनेही लगेच मान हलवली. हो, घाई कुठे आहे.

लेक सरपटत बाहेर आली. केसांत स्पंजचा हिरवा चुरा. मीटर तिने स्टेशनाच्या छतावर ठेवला, जमिनीवरच मांडी घातली आणि दोघांकडे पाहिलं.

“मी परत जाणार नाहीये,” ती म्हणाली.