बिनहाताचं गिऱ्हाईक

शिंपीबाबांना लघवीतल्या जंतूंचा ताप चढला, तेव्हा ते दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेले. जाताना सुनेला बजावलं, "त्या काळ्या कोटाच्या कापडाला मी आल्याशिवाय कात्री लावायची नाही."

जंतूंवरचं जोरकस इंजेक्शन सुरू झालं. ताप उतरला आणि बाबांचं बोलणंच फिरलं. हातांना मधूनच झटके येत. सून डबा घेऊन गेली, तर बाबा खाटेवर बसून सलाइनच्या स्टँडची मापं घेत होते. नळीच टेपसारखी धरलेली.

"ताठ उभे राहा, साहेब. पोट आत ओढू नका, तुम्हाला ते नाहीच."

चुलतसासरे कपाळाला हात लावून बसले होते. "म्हातारचळ लागला दादाला. दुकान आता देऊन टाकू, सूनबाई. तू एकटी किती गुंड्या लावत बसशील?"

कात्री धरायला सुनेला बाबांनीच शिकवलं होतं. दुकान गेलं, तर बाबा बरे होऊन बसणार कुठे? ती उठली आणि डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली.

"ताप फणफणला होता तेव्हा माणूस शुद्धीवर होता. ताप उतरल्यावर बिघडला. हे उलटं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट समोर घेतले. "बाबा आधी असे बोलत नव्हते ना? मग माझी शंका खरी दिसते. मूत्रपिंडं थकलीत. औषध बाहेर पडत नाही, अंगात साचून मेंदूला त्रास देतंय. आजच बदलते."

"डोकं परत येईल?"

"यायला हवं. धीर धरा."

हळूहळू झटके थांबले. एका सकाळी सून गेली, तर बाबा उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते. चुलतसासरेही होते. तिने मुद्दाम विचारलं, "बाबा, साहेबांचा कोट कधी देणार?"

"कोण साहेब?"

तिने स्टँडकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. बाबा खजील झाले. मग हळूच म्हणाले, "मापं तरी नीट घेतली का मी?"

"बाहीचं राहिलं."

"त्याला हात कुठे आहेत?"

चुलतसासरेसुद्धा हसले. बाबा त्यांच्याकडे वळले. "दुकान द्यायचं म्हणत होतास म्हणे. मालकिणीला विचार, ही काय इथे उभी आहे." मग सुनेला म्हणाले, "घरी गेलीस की तो काळा कोट काप."

"तुम्ही आल्याशिवाय?"

"मी आलोय की."

रिकामा डबा हातात घेऊन सून दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. मान अशी ताठ, जणू कोणी तिचंच माप घेत होतं.