वहीतली खरी सही

“ही सही कोणाची?” मुंबईहून आलेल्या बाईंनी हजेरीवहीवर बोट टेकवलं आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या भिकाजी घवाळींनी वाकून बोटाखालचा रकाना पाहिला.

विद्यापीठाची समिती लॉ कॉलेजातल्या संशोधन केंद्राची पाहणी करायला आली होती. पीएचडीला कागदोपत्री बारा जण. त्यातली ग्रंथालयाची पायरी चढणारी एकटी दीपाली, जयगडच्या खलाशाची मुलगी. बाकीचे अकरा मंडणगडपासून गुहागरपर्यंत वकिली करत होते आणि नावामागे डॉक्टर लागायची वाट बघत होते.

“वही रिकामी दिसली तर केंद्र बंद,” प्राचार्य आठवड्यापूर्वी म्हणाले होते. “मग तुमच्या त्या पोरीचं शिक्षणही पाण्यात गेलं समजा.”

तिच्यासाठीच करतोय, अशी मनाची समजूत घालून भिकाजींनी तीन दिवसांत अकरा जणांचे रकाने भरून काढले. सहा पेनं, तऱ्हेतऱ्हेची वळणं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं नेटकं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. दीपालीचा रकाना तेवढा खरा. वहीला सुतळीने बांधलेल्या निळ्या पेनाने ती रोज सही करायची.

“दीपालीची सही, मॅडम.”

“बाकीचे आठवड्यातून एकदा येतात, ते पटतं. ही रोज? एवढ्या लांब जयगडहून? दोन वर्षं तेच पेन, तीच वेळ? खोटं करायचं तर जरा डोकं तरी वापरावं!”

“नाय वो मॅडम, ती खरीच येते. खाडीतल्या मासेमारीच्या हक्कांवर लिहितेय.”

“मग आज कुठे आहे?”

भिकाजींनी प्राचार्यांकडे पाहिलं. त्यांनीच तिला आज येऊ नको म्हणून कळवलं होतं. दीड वर्ष आपल्याला मार्गदर्शकच नाही, हे ती समितीपुढे बोलून बसली असती.

“काही पुरावा?” बाईंनी विचारलं.

पुरावा एकच होता. कोरा कागद घ्यायचा आणि बाकीच्या अकरा सह्या तिथल्या तिथे करून दाखवायच्या. पण मग नोकरी जाणार, केंद्र जाणार, आणि केंद्राबरोबर दीपालीही. इकडे आड, तिकडे विहीर. भिकाजींनी उजवा हात खिशात घातला.

“नाय,” ते म्हणाले.

समितीने केंद्राला चांगला शेरा दिला. एक नाव तेवढं कमी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राचार्यांनी दीपालीच्या नावाचं पाकीट भिकाजींच्या हातात ठेवलं. दहाच्या सुमाराला ती आली, घाम पुसत.

“काका, कालचं नीट झालं ना? केंद्र ऱ्हायलं ना आपलं?”

“ऱ्हायलं गो.”

“सुटले बाय! शेवटचं प्रकरण उरलंय फक्त.”

तिने सुतळीचं पेन ओढून सही केली आणि खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर जाऊन बसली. भिकाजींना स्वतःची किळस आली. त्यांनी खण उघडला, पाकिटाला हात लावला, आणि खण परत लोटून दिला. तिची परतीची एस्टी पाचची होती. तोवर तरी वाचू दे.

त्यांनी उठून तिच्या डोक्यावरचा पंखा लावला.