ठमीच्या गालावरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा लालभडक होते. आता रंग विटलाय आणि तोंडाशी चीर पडायला आलीय. या घरात आजीचे गुडघे मी वर्षानुवर्षं शेकले. आजीने मला लोकरीचं झबलं विणलं, तेव्हा मी किती मिरवले होते.

मग बारा वर्षांच्या ठमीचा, आजीच्या नातीचा, उजवा गाल सुजू लागला. तिला घास चावता येईना. दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज उतरली आणि परत आली. एक दाढ काढली, तरी सूज आपली हजर. ठमी मला गालाशी धरून मुसमुसायची आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायची. कारण ज्या दिवसांत मी तिच्या गालावर असे, त्याच दिवसांत पोटावरही असे. तिची पाळी नुकती सुरू झाली होती. ही गोष्ट घराबाहेर बोलायची नाही, असं आईने बजावलं होतं. आणि मला तर तोंड असून बोलता येत नाही.

दुसरी दाढ काढायच्या दिवशी ठमी मला कवटाळूनच खुर्चीत बसली. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन भरलं. मला बाजूला ठेवायला हात पुढे केला, तर मी तिच्या पोटावर.

"पोटही दुखतंय का गं?"

ठमीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मी धास्तावले. ही गप्प बसली की दाढ गेलीच.

"पाळी आलीय," ठमी म्हणाली. "गाल पण तेव्हाच सुजतो. दर वेळी."

डॉक्टरांनी इंजेक्शन खाली ठेवलं. "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"दाताशी त्याचा काय संबंध, असं वाटलं," आई पुटपुटली.

"असेल, नसेलही. पण किडलेल्या दाढेने गाल असा महिन्याच्या महिन्याला सुजत नाही. आज मी काही काढत नाही."

त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे जबड्याच्या हाडाचा कण तपासला, पण जंतू सापडले नाहीत. जंतूंवाचूनच हाड पुन्हा पुन्हा सुजवणारा हा चिवट आजार निघाला. त्यात हार्मोन्सचा हात किती, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता येईना. पण पाळीच्या तारखा त्यांनी विचारल्या आणि या वेळी आईने स्वतःहून सांगितल्या. औषधं अजून चालू आहेत. सूज येते, पण कमी. दाढ जागेवर आहे.

आईने आता नवी पिशवी आणलीय, पण ठमी मला टाकू देत नाही. म्हणते, हिच्यामुळे माझी दाढ वाचली. खोटं कशाला बोलू, मी नुसती पोटावर पडून होते. बोलली ती ठमी. म्हणून मित्रांनो, आमच्यात उकळतं पाणी भरू नका आणि दुखणं सांगताना लाजून अर्धं गिळू नका. आमच्यासारख्या मुक्या पिशव्यांवर विसंबून राहू नका.