एकतीस कलावंतांचा ग्रुप फोटो

बावीस वर्षं शाळाशाळांतून वर्गफोटो काढणाऱ्या बाईला सगळे फोटोबाईच म्हणायचे. साठ पोरं, चार रांगा, सात मिनिटं, काम फत्ते. त्यांची धाकटी नणंद कला महोत्सव समितीची सचिव होती. ती कविता लिहायची, स्वतःच वाचायची आणि वाचताना स्वतःच डोळे मिटायची.

"वहिनी, तीन दिवसांचा महोत्सव आहे, घरचंच कार्य समज," नणंद म्हणाली. "फक्त फोटो अगदी नैसर्गिक हवेत. काढलेले कुणाला कळताच कामा नये."

पहिल्याच दिवशी फोटोबाईंच्या लक्षात आलं, की कलावंताला न कळता त्याचा फोटो काढणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. एक चित्रकार आपल्या पूर्ण झालेल्या चित्रापुढे कोरडा ब्रश धरून पाव तास तंद्रीत उभा होता. ओठ न हलवता म्हणाला, "डावी बाजू येतेय ना? उजवीकडून माझी तंद्री लागत नाही."

नाटकाच्या दिग्दर्शकाला रंगभूमीची दशा सांगताना भरून आलं. फोटोबाई नेमक्या लेन्स बदलत होत्या. त्याने डोळे पुसले, थांबला, "झालं? घ्या आता," म्हणाला आणि पुन्हा रडला.

प्रदर्शनात चित्रं बघायला आलेले सगळे चित्रकारच. प्रत्येक जण स्वतःच्या चित्रापुढे उभा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्या चित्रापुढे किती माणसं आहेत ते मोजतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमागच्या पायऱ्यांवर ग्रुप फोटो ठरला. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी. कलावंत एकतीस. अध्यक्ष, म्हणजे गावातले ज्येष्ठ कवी, तासभर आधीच मधल्या खुर्चीत जाऊन बसले होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. दोन चित्रकारांचा नऊ वर्षं अबोला होता. चित्रांत निळा रंग आधी कुणी आणला, यावरून.

"मी याच्या शेजारी उभा राहणार नाही," एक म्हणाला.

"मी याच्या मागेही राहणार नाही," दुसरा म्हणाला. "नाहीतर म्हणेल, मागून आला."

"मुळात रांग म्हणजे कलेची हत्या!" दिग्दर्शक गरजला. त्याला शेवटच्या रांगेत जागा मिळाली होती.

नणंद यादी घेऊन खालीवर धावत होती. ऊन भिंतीवर सरकायला लागलं आणि फोटोबाईंचा पारा चढला.

"ए! गप्प बसा सगळे!" त्या ओरडल्या. "उंचीप्रमाणे उभे राहा. बुटके पुढे. हात खाली! मागच्या रांगेत कुजबुज नकोय मला!"

आणि आश्चर्य म्हणजे सगळे उभे राहिले, मुकाट्याने, उंचीप्रमाणे. अध्यक्ष सगळ्यांत बुटके, ते खुर्ची सोडून पुढे जमिनीवर मांडी घालून बसले. निळ्या रंगाचे दोघे भरले समउंचीचे. खांद्याला खांदा लावून उभे राहिले. चार मिनिटांत फोटो निघाला.

आणि काय फोटो! कुणाला भाव आणायला वेळच मिळाला नव्हता. घरी नवऱ्याने बराच वेळ बघितला. कौतुक करणं त्याच्या रक्तात नव्हतं, पण म्हणाला, "माणसं वाटतायत गं सगळी."

समितीला मात्र तेच खटकलं.

"मी पहिलीतला पोरगा दिसतोय," अध्यक्ष म्हणाले.

"याला काढा, मग माझी हरकत नाही," एक निळा म्हणाला. दुसऱ्याचंही तेच म्हणणं होतं. कुणाला पोट दिसत होतं, कुणाला शेजारीण. शेवटी कुणाला वगळायचं यावर मतदान घ्यायचं ठरलं, आणि दीड तासात एकतीसच्या एकतीस जण स्पष्ट बहुमताने वगळले गेले. नणंदेच्या विरोधात तर तिच्याच कवितामंडळाची सात मतं पडली.

उरला एकच, तिसऱ्या रांगेतला करड्या शर्टातला सडपातळ माणूस. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि विचारावं, तर आपल्याला नवे लोक माहीत नाहीत असं दिसलं असतं.

"काय प्रामाणिक शांतता आहे चेहऱ्यावर!" दिग्दर्शक म्हणाला.

"काम बघितलंय मी यांचं," एक निळा म्हणाला. "संयत आहे."

"संयत आहे," दुसरा निळा म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"अहो, तो हॉलचा वायरमन आहे," फोटोबाई म्हणाल्या. "शिडी न्यायला आला होता. मी ओरडले तशी शिडी टाकून तोही रांगेत उभा राहिला बिचारा."

मग अध्यक्ष खाकरले. "म्हणजे सामान्य माणूस! मी तरी दुसरं काय म्हणत होतो?"

तर स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर वायरमन झळकला. खाली ठळक अक्षरांत 'आमच्या सर्जनाचा चेहरा'. नाव नाही, विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आत एकतीस जणांनी आपापले फोटो दिले होते, बहुतेक दहा-दहा वर्षांपूर्वीचे.

फोटोबाई त्या बैठकीतून हसत निघाल्या, पण घर येईपर्यंत हसू विरलं. बावीस वर्षांत असा फोटो साधला नव्हता, आणि तो एकेक माणूस वगळत मोडीत निघाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दोन हात रुंद करून दुकानाच्या काचेत लावला. कलावंत पलीकडच्या फुटपाथने जायला लागले. नणंदेने पंधरा दिवस फोन केला नाही.

मग वायरमन आला, स्मरणिका पिशवीत घेऊन.

"बायको म्हणते बरा आलायस. यातलाच कापून दोन छोटे द्याल? लायसन्सच्या अर्जाला लावायचेत."

"यात तुमचा एक कान झाकलाय. अर्ज परत येईल," फोटोबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बसा. हनुवटी जरा खाली."