शिवशरणचं पुड

मित्रांनो, माझ्या झाकणावर ‘दस्तगीर, होटगी’ अशी अक्षरं ठोकलेली आहेत. ती आता बोटांनी चाचपूनच वाचता येतात. मी एक जुना, चार पुडांचा पितळी डबा आहे. चार पुडं म्हणजे एकावर एक बसणारी चार भांडी. बाजूच्या दोन पट्ट्यांनी आणि वरच्या कडीने ती घट्ट धरलेली असतात.

सोलापुरातल्या एका तांबटाने मला घडवलं. पितळेच्या पत्र्यावर त्याने इतका वेळ लाकडी हातोडी चालवली, की मी गोल होईपर्यंत दोन दिवस गेले. मग आतून कल्हई केली. भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा, कथिलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवायचं. पितळ वितळण्याच्या खूप आधी कथील वितळतं, म्हणूनच हे जमतं. पांढरा धूर विरला, तेव्हा मी आतून चांदीसारखा दिसत होतो.

दस्तगीर होटगी जंक्शनवर सांधेवाला म्हणून लागला, तेव्हा त्याच्या बायकोने, बानूबीने, मला विकत घेतलं. घर सोलापुरात, ड्यूटी होटगीला. गाडीला योग्य रुळावर घालणं हे सांधेवाल्याचं काम. त्याच पाळीत शिवशरण होता. पहिल्या दिवशी जेवायला बसताना दस्तगीरने मला उघडलं. वरच्याच पुडात मटण होतं. शिवशरणच्या घरी मांस शिजत नसे. तो आपली भाकरी घेऊन जरा लांब सरकला.

ही गोष्ट बानूबीला कळली. दुसऱ्या दिवशी तिने माझं वरचं पुड नवी कल्हई करून आणलं. त्याच्या काठावर खिळ्याने एक ठिपका ठोकून घेतला.

“ह्या पुडात मटण कधी जाणार न्हाय,” ती दस्तगीरला म्हणाली. “त्यांना सांगा, हे शिवशरणचं पुड.”

त्या पुडाला पळी वेगळी, घासायला काथ्या वेगळा. त्यात वांग्याची भाजी असे, पातळ डाळ असे, शेंगांची चटणी तर रोजचीच. शिवशरण रोज जेवायचा आणि म्हणायचा, “आमच्या शिवम्माला हे वांगं शिकवा की कुणीतरी.” शिवम्मा म्हणजे त्याची बायको. हे तिच्या कानावर गेल्यावर त्याला आठवडाभर नुसतं पिठलं मिळालं.

एकदा मात्र चूक झाली. घरी पाहुणे आले होते आणि कुणीतरी गडबडीत वरच्या पुडात खिमा भरला. होटगीला झाकण उघडल्यावर दस्तगीरच्या ते लक्षात आलं. एरवी मटण असणाऱ्या खालच्या पुडात त्या दिवशी आमटी होती. ती पुढे केली असती तर शिवशरणला काहीच कळलं नसतं. पण दस्तगीरने झाकण लावलं.

“आज तुझ्या पुडात चुकून खिमा आलाय,” तो म्हणाला. “आज ह्या डब्यातलं काही खाऊ नको.”

त्या दिवशी दोघांनी कांदा फोडून शिवशरणची कोरडी भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. संध्याकाळी मी कल्हईवाल्याकडे होतो.

अशी एकतीस वर्षं गेली. दक्षिणेकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना त्या दोघांनी हिरवं निशाण दाखवलं. कन्याकुमारीची गाडी रोज आमच्यासमोरून समुद्राकडे जायची. आम्ही मात्र होटगीतच असायचो.

मग दस्तगीर निवृत्त झाला. घरात स्टीलचे डबे आले, प्लॅस्टिकचे आले. मला माळ्यावर ठेवलं. पितळेवर हिरवट डाग चढतात, तसे माझ्यावर चढले. मी तक्रार करत नाही. हवा आणि ओल आपलं काम करतातच. फक्त कुणी अधूनमधून पुसलं असतं, तर बरं वाटलं असतं.

यंदा मात्र घरात एक नवीच चर्चा ऐकू येऊ लागली. दस्तगीर-बानूबीची मुलगी रेश्मा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला मोजकीच सुट्टी मिळाली होती. तिने अम्मीला विचारलं, “तुला कुठं जावंसं वाटतं?”

“समुद्रात पाय बुडवायचेत,” बानूबी म्हणाली. “गुडघे चालतायत तवर.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की, पुढच्या वर्षी वाळूत चालणं अवघड जाईल. म्हणून रेश्माने कोची ठरवलं. दोन रात्री तिथे, बाकीचा वेळ गाडीत. तिने वहीत एकेक गोष्ट लिहिली: गाडी, खोली, खोलीपासून मशीद किती लांब, प्रवासात नमाज कुठे पढायची, अब्बांच्या साखरेच्या गोळ्या. शेवटी हलाल जेवण. समुद्राजवळ एक बाई घरातच खोल्या भाड्याने देत होती. रेश्माने तिला फोन केला. ती म्हणाली, मांस हलालवाल्याकडूनच येतं, दारू आणि डुकराचं मांस तिच्या स्वयंपाकघरात येत नाही.

“फोनवर कुणीबी व्हय म्हणतंय,” दस्तगीर म्हणाला. “आपल्याला कसं कळणार? तुमी दोघी जावा. मी नक्को.”

“तुमच्याबिगर मी न्हाय जाणार,” बानूबी म्हणाली.

दोन दिवस रेश्माची वही मिटलेलीच राहिली. तिसऱ्या दिवशी दस्तगीर स्वतः माळ्यावर चढला आणि त्याने मला खाली काढलं. मला चिंचेने घासलं, कल्हई करून आणलं. मित्रांनो, मला काय आनंद झाला सांगू!

“चारी पुडं कडक भाकरी आणि चटणीनं भरा,” तो म्हणाला. “सगळे दिवस पुरंल. तितलं काही खायला नको.”

“आणि मी तितं खोलीत बसून कडक भाकरी मोडू?” बानूबी म्हणाली. “समुद्राला चाललो का होटगीला ड्यूटीला? रेश्मा, तिकिटं रद्द कर.”

रेश्माने फोन हातात घेतला. मी खाटेवर चकाकत बसलो होतो आणि पहिल्यांदाच मला माझ्या चकाकीची लाज वाटली.

तेवढ्यात शिवशरण आला. म्हातारपणी तो संध्याकाळच्या चहाला रोज येतो. त्याने मला पाहिलं, उचललं आणि वरच्या पुडाच्या काठावरून बोट फिरवलं. ठिपका सापडल्यावर तो हसला.

“ह्याला कुटं पाठवताय?”

रेश्माने सगळं सांगितलं. शिवशरणने बशीतला चहा संपवला.

“दस्तगीर, एकतीस वर्षं मी ह्या पुडातलं खाल्लं. एकदा तरी वास घेऊन बघितला का?”

“न्हाय.”

“तुझ्या घरात चूल एक, हात एक. मी कधी बघायला आलो का? वहिनींनी सांगितलं, मी खाल्लं. मी काय येडा हुतो?”

दस्तगीर म्हणाला, “तू आमाला वळखत हुतास.”

“पहिल्या दिवशी कुटं वळखत हुतो?”

दस्तगीरने माझ्या काठावरचा ठिपका बोटाने चाचपला. मग म्हणाला, “रेश्मा, त्या बाईला फोन लाव. मला एकच विचारायचंय.”

फोन लागला. त्याने आपल्या हिंदीत विचारलं, “तुमच्याकडे कधी मांस न खाणारा पाहुणा आला, तर त्याचं काय करता?”

पलीकडून लगेच उत्तर आलं, “त्यांच्या डोशाचा तवा वेगळा आहे. खिडकीजवळ टांगलेला असतो. माझा नवरा त्याला हात लावतो तेव्हा ओरडा खातो.”

दस्तगीर मोठ्याने हसला. फोन रेश्माला देत म्हणाला, “तिकिटं राहू दे. ही बाई आपल्या बानूसारखीच दिसतीया.”

“म्हंजे मी ओरडती व्हय?” बानूबीने विचारलं. शिवशरणने घाईघाईने आणखी चहा मागितला.

मीही गेलो. गाडीतल्या जेवणापुरती भाकरी आणि चटणी माझ्यात होती. होटगीवरून जाताना दस्तगीर खिडकीशी उभा राहिला आणि फलाटावर हिरवं निशाण धरलेल्या माणसाला त्याने हात केला. कोचीत बानूबी घोट्यापर्यंत पाण्यात गेली, मग साडी जरा उचलून आणखी आत गेली. दस्तगीरने तिचा हात धरला होता. दुपारी त्याने त्या बाईच्या घरची बिर्याणी दोनदा मागून घेतली.

परत निघताना बाईने केळ्याचे वेफर्स तळून दिले. दस्तगीरने ते स्वतःच्या हाताने माझ्या वरच्या पुडात भरले.

सोलापुरात शिवशरण चहाला आला, तेव्हा त्याच्यापुढे ते पुड ठेवलं. त्याने मूठभर वेफर्स तोंडात टाकले, चावले आणि मग विचारलं, “काय हाय हे? लई झ्याक.”

मित्रांनो, आता माझी जागा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. तुमच्याही घरी एखादं पितळी भांडं असेल, तर त्याच्या आत अधूनमधून डोकावून पाहा. रोजच्या वापराने कल्हई झिजते आणि पितळ उघडं पडतं. मग त्यात आंबट काही ठेवलं तर ते विषारी होतं. तसं दिसलं तर भांडं फेकू नका, कल्हईवाल्याकडे न्या. आणि त्यातल्या एखाद्या पुडावर कुणासाठी ठिपका ठोकलेला असेल, तर घरातल्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा.