न संपणारे ट्रक

"मोजू नका, मोजू नका! दान मोजलं की आटतं!"

जीपमधला भोंगेवाला घसा फोडून ओरडत होता आणि नाक्यावर जमलेला आमचा अख्खा गाव खरंच मोजायचं थांबला होता. सकाळपासून ट्रकमागून ट्रक चालले होते. प्रत्येकावर शेठचा हसरा फोटो, वर टम्म फुगलेली ताडपत्री. भूकंपाला तीन दिवस झाले होते, देश हादरला होता, आणि सिनेमात नाव अन् धंद्यात पैसा कमावलेल्या या शेठने म्हणे रस्ता भरून मदत धाडली होती.

"चाकाखालची माती घरी न्या, भिंतीला कधी तडा जाणार नाही!"

झालं! शिकलीसवरलेली माणसंसुद्धा पुड्या बांधायला धावली.

मी टायरवाला, दुकान नाक्यावरच. माझी धाकटी बहीण भूकंपाच्या छावणीत नर्स आहे. सकाळीच तिचा फोन आला होता, "दादा, पाणी दुपारपर्यंतच पुरेल. तुमचा ट्रक निघाला का?"

निघतोय कुठला! गावाने गोळा केलेल्या पाण्याच्या कॅनचा ट्रक माझ्या दुकानासमोर भरून उभा होता, आणि गावाच्या मदत समितीचे अध्यक्ष, आमचे किराणावाले काका, त्याची चावी खिशात घालून शेठचे ट्रक बघत होते.

"अरे, शेठने एवढं पाठवल्यावर आपलं कशाला? संध्याकाळी कॅन उतरवून घेऊ."

"काका, तिथे अजून थेंब पोचला नाहीये!"

"पोचेल रे. जरा विश्वास ठेव."

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात गर्दीमुळे शेठचा एक ट्रक आमच्या ट्रकशेजारी अडकला. मागच्या टायरला आडवी चीर होती. हा टायर फुटणार, असं मी सकाळपासून दोनदा मनात म्हटलं होतं. टायर तोच, चीर तीच, नंबरप्लेट मात्र तिन्ही वेळा वेगळी! मी वाकून खाली पाहिलं.

"काका, इकडे या. आपल्या ट्रकच्या चाकावरचे हे लोखंडी पाटे बघा. मालाच्या वजनाने सपाट झालेत. आता शेठच्या ट्रकचे बघा."

काका वाकले. शेठच्या ट्रकचे पाटे मस्त कमान करून बसले होते.

"म्हणजे रे?"

"म्हणजे आत काही नाही!"

"ए, देवमाणसावर संशय घेतो!" भोंगेवाला जीपमधून उतरला. त्याच्या दोन माणसांनी माझी कॉलर धरली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हाणा त्याला!" तरी मी ओरडलो, "हाणा, पण आधी दोरी सोडून बघा!"

कुणी हलेना. शेवटी काकाच पुढे झाले आणि त्यांनी दोरी ओढली. ताडपत्री घसरली. आत बांबूचा सांगाडा आणि कडेने रिकामी खोकी.

ड्रायव्हर रडकुंडीला आला. "साहेब, सहाच ट्रक आहेत. पुढच्या गिरणीमागून वळायचं, प्लेट बदलायची, आडवाटेने परत यायचं. शेठच्या जाहिरातीचं शूटिंग संपेपर्यंत."

"आणि छावणी?"

"तिकडे जायचं सांगितलंच नाही कुणी."

भोंगेवाल्याची जीप कधी सटकली कळलंही नाही. काकांनी खिशातून चावी काढली, आणि तीन वाजता आमचा ट्रक सुटला.

रात्री बहिणीचा फोन आला. "पोचला, दादा." मागून पोरांचं रडणं ऐकू येत होतं.

"काय झालं गं?"

"पाणी संपल्यावर लोक डबक्यातलं प्यायले. अकरा पोरं सलाईनवर आहेत. एकाचं काही खरं नाही. सकाळी का नाही पाठवलात?"

काय सांगणार तिला? माती गोळा करत होतो म्हणून?

खरोखर देणारे श्रीमंतही असतात, त्यांना हात जोडावेत. पण कुणी कितीही मोठा असो, काय दिलं, कुठे पोचलं, कुणाच्या हातात पडलं, हे विचारायला लाजू नका. मोजू नका म्हणणाऱ्यासमोर तर मोठ्याने मोजा. शेठने फसवलं, कबूल. पण त्या दिवशी चावी आमच्याच खिशात होती.