बाबांचा रिकामा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे आणि एका घरच्या वेबपानामागे राहते. संगणकवाले मला अ‍ॅरे म्हणतात, माझ्यातल्या कप्प्यांना ऑब्जेक्ट. मला त्या घरच्या धाकट्या लेकीने लिहिलं. घरातल्या प्रत्येकाला एक कप्पा, कप्प्यात त्याचं नाव आणि त्याच्या निरोपांची आणखी एक यादी. यादीच्या पोटात यादी बसवताना बिचारी चारदा रडकुंडीला आली होती.

तिचे बाबा माझे फार लाडके. एका बोटाने टाइप करायचे. 'मोटर बंद केली.' 'चष्मा सापडला. डोक्यावरच होता.' सात वर्षांत त्यांचे दोन हजारांवर निरोप मी सांभाळले. मग बाबा गेले.

पान मात्र रोज सकाळी प्रत्येकाचा शेवटचा निरोप दाखवायचं. बाबांचा होता, 'कडी लावू नका, येतोच.' आई तो वाचायची आणि उठून कडी काढायची. शेवटी ती लेकीला म्हणाली, "काही दिवस त्यांचं दाखवू नकोस गं. पुसू मात्र नकोस."

लेकीने माझी प्रत काढली आणि प्रतीतली बाबांच्या निरोपांची यादी रिकामी केली. मूळ यादी शाबूत आहे, अशी तिची समजूत. पण प्रत वरवरची होती. बाहेरची यादी तेवढी नवी, आतले कप्पे आम्हा दोघींत मिळून एकच. तिकडे पुसलं ते इकडेही पुसलं गेलं. मला ओरडता येत नाही. तिने नेहमीसारखं मला जुन्या मजकुरावरच साठवलं, आणि आधीचं काही उरलं नाही.

महिन्याने आई म्हणाली, "आता दाखव." लेकीने मला उघडलं. नाव होतं, निरोप शून्य. रडतरडतच तिने आपली चूक सांगितली आणि विचारलं, "आता तो कप्पाच काढून टाकू का?"

आई म्हणाली, "राहू दे. रोज त्यांचं नाव घेऊन कुणीतरी विचारतंय, तेवढं असू दे."

मित्रांनो, प्रत काढाल तेव्हा अगदी आतल्या कप्प्यापर्यंत काढा, आणि पुसण्याआधी मूळ यादी एकदा उघडून बघा. माझ्या बाबतीत ते राहून गेलं. रोज सकाळी पान माझ्याकडे येतं, बाबा काय म्हणाले म्हणून विचारतं, आणि आई समोर बसलेली असताना मला खरं तेच सांगावं लागतं.